गाजावाजा उदंड, नोंद कुठे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा हळदीसाठी, औंढ्याच्या ज्योतिर्लिंगासाठी आणि संत नामदेवांच्या नर्सीसाठी सर्वदूर ओळखला जातो. राज्याच्या क्रीडाविश्वात मात्र त्याचे नाव अभावानेच घेतले जाते. याचा अर्थ येथे खेळ नाही, असा नव्हे. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पोलीस आणि सैन्य भरतीची उमेद बाळगून पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारे तरुण येथे गावोगाव दिसतात. जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. शाळांच्या पटांगणात फक्कीच्या रेषा आखून कबड्डी आणि खो-खोचे सामने होतात. गेल्या काही वर्षांत या चित्रात एक भर पडली आहे. फडाभोवती आणि मैदानाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या हातात मोबाइल असतो. कुस्ती निकाली निघण्याआधीच तिची चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर पोहोचलेली असते.

एवढे झाल्यावर दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र उघडले, तर काय दिसते? जिल्हा पानावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि आयोजक यांची नावे क्रमाने छापलेली असतात. विजयी संघाचे नाव एखाद्या ओळीत असते. अंतिम सामन्याचे गुण किती, निर्णायक चढाई कोणाची, उपांत्य फेरीत कोणता संघ थोडक्यात हरला, याचा पत्ता लागत नाही. मोबाइलवरच्या चित्रफितीतही ही माहिती नसते. तेथे दहा-वीस सेकंदांचा थरार, त्यावर चढवलेले गाणे आणि खाली अंगठ्यांची रांग. खेळाचा गाजावाजा कधी नव्हे इतका वाढला आणि खेळाची नोंद कधी नव्हे इतकी विरळ झाली, असा हा विचित्र काळ आहे. समाजमाध्यमांनी क्रीडा पत्रकारितेचे नेमके काय केले, हा प्रश्न म्हणूनच मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रांपुरता राहत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो अधिक तीव्रतेने भेडसावतो.

समाजमाध्यमांना सरसकट दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे; ते न्याय्य मात्र नाही. जुनी क्रीडा पत्रकारिता निर्दोष होती, असेही समजण्याचे कारण नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड परिसराने त्यांची मिरवणूक काढली, पण देशाने आणि देशाच्या वृत्तपत्रांनी या मल्लाची उपेक्षाच केली. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या काळी खाशाबांच्या हातात मोबाइल असता, तर ही उपेक्षा इतकी सहज पचली असती काय? क्रिकेटचे कौतुक पानभर आणि देशी खेळांचा उल्लेख कोपऱ्यात, ही सवय वृत्तपत्रांची होती. तिला धक्का बसला तो नव्या माध्यमांमुळे. गावच्या फडाचे थेट प्रक्षेपण आज यूट्यूबवरून होते आणि पुण्यात नोकरीसाठी गेलेला वसमतचा तरुण ते पाहू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात या खेळाडूंचे चेहरे घराघरात पोहोचले, त्यात वृत्तपत्रांइतकाच किंबहुना अधिक वाटा समाजमाध्यमांचा होता.

दुसरा लाभही मान्य केला पाहिजे. खेळाडूला स्वतःचा आवाज मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये यष्टिरक्षक वृद्धिमान साहा याने एका पत्रकाराचे धमकीवजा संदेश ट्विटरवर उघड केले. मुलाखत न दिल्याचा राग त्या संदेशांत स्पष्ट दिसत होता. क्रिकेट नियामक मंडळाने चौकशी केली आणि मे २०२२ मध्ये त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली. पूर्वीच्या काळी अशी तक्रार ड्रेसिंग रूमच्या भिंतीआड विरली असती. लेखणीची मक्तेदारी संपली, तिच्यासोबत लेखणीचा अहंकारही काही प्रमाणात उतरला. हे इष्टच झाले.

मग बिघडले कोठे? याचे उत्तर शोधताना क्रीडा पत्रकार म्हणजे नेमके कोण, हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागेल. दूरचित्रवाणी घरोघरी नसताना बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचनातून क्रिकेट श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे केले. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडा पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्या पानावर हक्काची जागा दिली. मार्च २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी क्रीडा पत्रकारितेतील एका पर्वाची अखेर झाली. या मंडळींचे मोठेपण केवळ भाषेत नव्हते. सामना त्यांनी स्वतः पाहिलेला असे. नियम ठाऊक असत, संघटनेतले राजकारण ठाऊक असे आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली नाव असे. ओळ चुकली, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर तोंड दाखवावे लागे. पत्रकार हा असा साक्षीदार असतो, ज्याची उलटतपासणी घेता येते. समाजमाध्यमांवर साक्षीदार लाखो असतात, उलटतपासणी मात्र कोणाचीच होत नाही. सारी मेख येथे आहे.

महाराष्ट्राने याचा अनुभव आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या स्पर्धेत घेतला आहे. १९६१ मध्ये मराठवाड्याच्या भूमीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाली. तेव्हापासून ही गदा ग्रामीण महाराष्ट्राचा मानबिंदू आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर आले. गायकवाडने मारलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले. प्रतिस्पर्धी धोकादायक अवस्थेत पडला की चार गुण, एरवी दोन. वाद एवढाच होता. हा वाद नियमाचा होता, तांत्रिक होता, आणि कुस्तीच्या जाणकारांनी दोन्ही बाजू मांडून तो उलगडून दाखवायला हवा होता. घडले ते निराळेच. काही तासांत चित्रफितीचा तो तुकडा राज्यभर फिरला. नियमपुस्तिका कधी हाती न धरलेल्यांनी निकाल जाहीर केला. पंचांना दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. सर्वांत खेदाची बाब म्हणजे गुणांचा वाद सोडून मल्लाच्या धर्माची चर्चा सुरू झाली. तालमीतल्या लाल मातीने कधी कोणाची जात विचारली नाही. मोबाइलच्या पडद्याने ती पहिल्याच दिवशी विचारली.

या गदारोळाला सिकंदर शेखने मैदानातच उत्तर दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे झालेल्या स्पर्धेत त्याने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत करून गदा मिळवली. खेळात अन्यायाचे परिमार्जन खेळानेच होते, हा धडा त्या मल्लाने दिला. जानेवारीत आग ओतणाऱ्यांपैकी किती जणांनी तो घेतला, हा प्रश्नच आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे याची पुढची आवृत्ती पाहायला मिळाली. शेजारच्या नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी राक्षेला चितपट ठरवले. पाठ टेकलीच नाही, असा त्याचा दावा होता. संतापाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली आणि ते दृश्य तासाभरात देशभर पसरले. अंतिम लढतीतही वाद झाला. मोहोळ विजेता ठरला. राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पंचावर हात वा पाय उगारणे अक्षम्य आहे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण कथा येथे संपत नाही. पुढे चौकशी समितीने त्या लढतीतील पंचाचा निर्णय चुकीचा ठरवला आणि पंचावरही निलंबनाची कारवाई झाली. लाथेची चित्रफीत कोट्यवधींनी पाहिली, चौकशीचा निष्कर्ष वाचणारे मोजकेच राहिले. सत्य उशिरा येते, हे नवे नाही. पूर्वी उशिरा का होईना, ते आले की त्याच वाचकांपर्यंत त्याच पानावरून पोहोचत असे. आता गर्दी तोवर दुसऱ्या तमाशाला निघून गेलेली असते.

याच वर्षी मार्चमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातच, कर्जत येथे, आणखी एक ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि तिची गदा वेताळ शेळकेने उचलली. एका जिल्ह्यात दोन महिन्यांच्या अंतराने दोन ‘महाराष्ट्र केसरी’! राज्यातील कुस्ती संघटनांतील फूट हे याचे मूळ कारण. कोणती संघटना अधिकृत, कोणाचे प्रमाणपत्र ग्राह्य, या दुहीत खेड्यातल्या मल्लाचे नुकसान किती, हे प्रश्न कोणत्याही लाथेपेक्षा महत्त्वाचे आहेत. मात्र त्यांची दहा सेकंदांची चित्रफीत होत नाही. त्यासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात, न्यायालयाचे कागद वाचावे लागतात आणि कोणाची तरी नाराजी पत्करून लिहावे लागते. हे काम पत्रकाराचेच आहे आणि नेमके तेच आज होत नाही.

कुस्तीच्या बाहेरही चित्र वेगळे नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकातील पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला. त्यानंतर काही तासांत त्याला खलिस्तानी ठरवणारा मजकूर पसरवण्यात आला. विकिपीडियावरील त्याच्या माहितीतही फेरफार झाले आणि केंद्र सरकारला विकिपीडियाच्या प्रतिनिधींकडे खुलासा मागावा लागला. एका सुटलेल्या झेलाचे निमित्त करून देशाच्या सामाजिक ऐक्यात फट पाडण्याचे हे उद्योग कोणाच्या हिताचे असतात, हे सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज वापरून एका खेळाच्या अॅपची जाहिरात करणारी बनावट चित्रफीत फिरली. ती खोटी असल्याचे त्याला स्वतःला सांगावे लागले. ‘आजचा संघ कोणता निवडाल’ असे भाकीत विकणाऱ्या वाहिन्यांनी तर क्रीडा समीक्षेचा वेश घेऊन घराघरातल्या मुलांना पैजेची चटक लावली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तोवर अनेक कुटुंबांनी त्याची किंमत मोजलेली होती. कायद्याने दुकान बंद होते. चटक घरातूनच सोडवावी लागते.

या साऱ्यात वृत्तपत्रांनी आपले वेगळेपण जपायला हवे होते. दुर्दैवाने त्यांनीही प्रवाहात उडी घेतली. खेळाडूने काय लिहिले आणि त्यावर कोणी काय उत्तर दिले, यांचे संकलन ही आज क्रीडा बातमी ठरते. कोणत्या खेळाडूने कोणाला समाजमाध्यमावर ‘अनफॉलो’ केले, याला चार स्तंभ मिळतात. यामागे आर्थिक कारणे आहेत, हे नाकारता येणार नाही. जाहिरातीचा पैसा भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे वळला. स्पर्धेला प्रतिनिधी पाठवण्याचा खर्च परवडेनासा झाला. तालुक्याच्या वार्ताहराला तर मानधन नाममात्र. जाहिरात आणून दिली तर तिच्यावर दलाली, असा व्यवहार. अशा वार्ताहराने दिवसभर मैदानावर उभे राहून गुणफलक उतरवून घ्यावा, ही अपेक्षा धरायची तरी कशी? आयोजकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर आणि छायाचित्र तो पुढे पाठवतो. त्या मजकुरात पाहुण्यांची नावे पूर्ण असतात आणि खेळाडूंची अपुरी.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात याचे परिणाम भावनिक नाहीत, व्यावहारिक आहेत. दहावी-बारावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलामुलींसाठी ही दारे अमूल्य आहेत. या दारांवर विचारले जाते ते प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राच्या मागे लागते ती स्पर्धा खरोखर झाल्याची नोंद. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा न खेळलेले खेळाडू आणि न झालेल्या स्पर्धा यांचे पितळ उघडे पडले. ज्या जिल्ह्यात प्रत्येक स्पर्धेचा तपशीलवार वृत्तान्त छापून येतो, तेथे अशी बनवाबनवी करणे अवघड जाते. जेथे नोंदच नसते, तेथे खरा खेळाडू आणि खोटा खेळाडू एकाच रांगेत उभे राहतात, आणि ओळखपाळखीच्या जोरावर खोटा पुढे सरकतो. लाखभर लोकांनी पाहिलेली चित्रफीत निवड समितीपुढे पुरावा म्हणून ठेवता येत नाही. दोन वर्षांनी ती सापडेलच, याचीही खात्री नसते.

शिवाय क्रीडा पत्रकारितेचे खरे कसब पदकानंतर दिसत नाही, पदकाआधी दिसते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक पटकावले, आणि मराठवाड्याची मान उंचावली. पदकानंतर कॅमेरे गावापर्यंत पोहोचतात, घरच्यांच्या मुलाखती होतात. सेनगाव किंवा कळमनुरीच्या माळावर आज धावणाऱ्या मुलाची वेळ कोण लिहून ठेवत आहे? त्याला बूट नाहीत, प्रशिक्षक नाही, जिल्ह्याच्या क्रीडा निधीतून तालुक्याच्या मैदानावर काय उभे राहिले, याची विचारणा कोण करत आहे? प्रसिद्धी मागणे आणि जाब मागणे यांत अंतर आहे. समाजमाध्यमे पहिले काम हिरिरीने करतात. दुसऱ्यासाठी चिकाटी लागते.

म्हणूनच उपाय मोबाइल फेकून देण्याचा नाही. मोबाइलला शिस्त लावण्याचा आहे, आणि तो स्थानिक पातळीवरच सुरू होऊ शकतो. प्रत्येक शाळेतील क्रीडा शिक्षक सामन्याचा गुणतक्ता ठेवतोच. त्या तक्त्याचे स्पष्ट छायाचित्र, दिनांक, ठिकाण, दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंची पूर्ण नावे आणि पंचांचे नाव, एवढे त्याच दिवशी वृत्तपत्राला आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला पाठवले, तर जिल्ह्याचा क्रीडा इतिहास वर्षभरात उभा राहू लागेल. गणेशोत्सवात, नवरात्रात, जत्रांत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी बक्षिसाच्या रकमेइतकेच नोंदवहीकडे लक्ष द्यावे. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. परंपरा टिकवणाऱ्या गावाला एक नोंदवही टिकवणे जड नाही. ज्यांचे दैनंदिन आयुष्य मैदानाशी जोडलेले आहे, अशा कार्यकर्त्यांनी चांगले लिहू शकणारे दोन-चार तरुण तालुक्यागणिक हेरावेत. त्यांना नियम शिकवावेत, सामना संपेपर्यंत थांबण्याची आणि लिहिलेल्याखाली नाव घालण्याची सवय लावावी. हे तरुण आपला वृत्तान्त कागदावर छापतात की पडद्यावर टाकतात, हा मुद्दा दुय्यम आहे. नाव घालून, पाहून, तपासून लिहिणारा जेथे असेल, तेथे पत्रकारिता असेल.

वृत्तपत्रांनीही जिल्हा पानावर पाहुण्यांच्या यादीऐवजी खेळाडूंची यादी छापण्याचा निश्चय करावा. याला वेगळा खर्च लागत नाही. वादग्रस्त निर्णय झाला, तर नियम काय सांगतो हे आधी द्यावे आणि कोण काय बोलले हे नंतर. चौकशीचा निष्कर्ष आला, तर त्याला वादाइतकीच जागा मिळावी.

सर्वांत मोठी जबाबदारी अखेर वाचकाची, म्हणजेच कुटुंबांची आहे. घरातल्या मुलाने एखाद्या पंचाला शिवी देणारा मजकूर पुढे पाठवला, तर वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे : तू सामना पाहिलास का? नियम वाचलास का? तुझे नाव खाली लिहिशील का? या तीन प्रश्नांपुढे बहुतेक मजकूर टिकत नाही. खिलाडूवृत्ती मैदानावर शिकवली जाते असा समज आहे. आज ती मैदानाबाहेर, मोबाइल हातात असताना शिकवण्याची वेळ आली आहे. पराभव स्वीकारण्याचा संस्कार खेळाडूला हवा, तसाच तो पाहणाऱ्यालाही हवा.

फडात कुस्ती लागते तेव्हा हलगी वाजत राहते आणि प्रेक्षक ओरडत राहतात. निकाल मात्र पंच देतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. हलगीवाचून फडाला रंग नाही, हे खरे. पण हलगीच्या ठेक्यावर कुस्तीचा निकाल ठरू लागला, तर उद्या घाम गाळून तालमीत उतरायला कोणी तयार होणार नाही. हिंगोलीच्या मातीत आज सराव करणाऱ्या मुलामुलींचा हक्क टाळ्यांपेक्षा मोठा आहे. त्यांनी काय केले, ते कोणीतरी डोळ्यांनी पाहावे, खरे लिहावे आणि लिहिलेले जपावे, एवढीच त्यांची मागणी आहे. ती पुरी करण्यासाठी राजधानीतून कोणी येणार नाही. हे काम जिल्ह्यानेच करायचे आहे.